क्लबच्या राखणदाराचा मुलगा

गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी पांचो सेगुरा यांचे जीवन अभ्यासावे. दक्षिण अमेरिकेतील इक्वाडोर देशात १९२१ साली ते जन्मले. वडील ग्वायाकिल शहरातील टेनिस क्लबचे राखणदार. मुडदुसाने पोराचे पाय वाकलेले. तो क्लबात चेंडू गोळा करी. एका हाताने रॅकेट पेलेना म्हणून दोन्ही हातांनी मारू लागला. तोच फटका पुढे जगाने नावाजला!

अमेरिकेत मायामी विद्यापीठाकडून १९४३ ते १९४५ सलग तीनदा ते आंतरविद्यापीठ विजेते ठरले. १९४७ साली त्यांनी पोटासाठी व्यावसायिक टेनिस पत्करले. १९५० ते १९५२ अमेरिकेची व्यावसायिक स्पर्धाही सलग तीनदा जिंकली. पण विम्बल्डनचे दार बंद झाले, कारण तेथे फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश! ते दार १९६८ साली उघडले, तेव्हा सेगुरा ४७ वर्षांचे होते. पुढे त्यांनी जिमी कॉनर्सला घडवले. २०१७ साली त्यांचे निधन झाले.

वकिलीत आम्ही एक गोष्ट शिकलो. नियमात गरिबाचे नाव नसते, तरी तो नेमका गरिबालाच बाहेर ठेवतो. म्हणून बांधवांनो, कोणताही नियम वाचताना तो कोणाला अडवतो, हे आधी पाहा.