भिंगांच्या तेरा जोड्या

१७ जुलै १७७१ रोजी लंडनमधील क्रेव्हन स्ट्रीटवरच्या एका घरात बसून ६५ वर्षांच्या एका गृहस्थाने आपल्या धाकट्या बहिणीला पत्र लिहिले. बहीण ५९ वर्षांची, विधवा, अटलांटिक महासागरापलीकडे बोस्टनमध्ये राहणारी. पत्रासोबत भेट होती ती भिंगांची. १ पासून १३ नंबरपर्यंत, प्रत्येक नंबरची एक जोडी. एकाच माणसाला तेरा नंबरांची भिंगे कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर अगदी साधे होते. भिंगांचे कारागीर लंडनमध्ये होते आणि बहिणीचे डोळे बोस्टनमध्ये.

पत्र लिहिणारा हा गृहस्थ म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. वादळात पतंग उडवून वीज जोखणारा शास्त्रज्ञ, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा मुत्सद्दी, शंभर डॉलरच्या नोटेवरचा टकला, गंभीर चेहरा, या रूपांत तो जगाला माहीत आहे. त्याच्या चरित्रात या तेरा जोड्यांना एखादी ओळ मिळाली तर मिळते. पण या माणसाचा खरा स्वभाव पाहायचा असेल तर तो पतंगापेक्षा या भेटीत अधिक स्वच्छ दिसतो, असे मला वाटते. चष्म्याच्या दुकानातून बाहेर पडताना हातातल्या बिलाकडे पाहून ज्याचे डोळे विस्फारले आहेत, काचेचे किती, फ्रेमचे किती आणि नावाचे किती याचा ज्याला उलगडा झालेला नाही, अशा प्रत्येकाला तर या पत्रात आपल्यासाठीच काही लिहिले आहे असे वाटावे.

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टनमध्ये झाला. वडील जोसाया हे इंग्लंडमधून येऊन तेथे स्थायिक झालेले. चरबीच्या मेणबत्त्या आणि साबण करण्याचा त्यांचा धंदा होता. दोन बायकांपासून त्यांना १७ अपत्ये झाली. त्यांत बेंजामिन हा सर्वांत धाकटा मुलगा आणि १७१२ मध्ये जन्मलेली जेन ही सर्वांत धाकटी मुलगी. बेंजामिनच्या वाट्याला जेमतेम दोन वर्षांची शाळा आली. दहाव्या वर्षी तो वडिलांच्या हाताखाली मेणबत्त्यांच्या वाती कापू लागला. बाराव्या वर्षी थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवारीला लागला आणि सतराव्या वर्षी भावाशी पटेना म्हणून पळून फिलाडेल्फियाला गेला. पुढे तेथे त्याने स्वतःचा छापखाना उभारला, वर्तमानपत्र चालविले, दरवर्षी खपणारे पंचांग काढले आणि वयाच्या ४२ व्या वर्षी, १७४८ मध्ये, धंद्याच्या रोजच्या कामातून तो मोकळा झाला. हा सारा भाग सर्वश्रुत आहे.

या वाटचालीतल्या दोन गोष्टींवर मात्र थांबायला हवे. पहिली १७३१ ची. त्या काळी पुस्तके इंग्लंडहून येत आणि ती एकट्यादुकट्याला परवडत नसत. फ्रँकलिन आणि त्याच्या मित्रांनी वर्गणी काढून सामाईक ग्रंथालय सुरू केले. महाग वस्तू दहाजणांनी मिळून घेतली तर ती महाग राहत नाही, हा साधा हिशेब त्यामागे होता. दुसरी गोष्ट शेगडीची. १७४० च्या सुमारास त्याने घर उबदार ठेवणारी आणि लाकूड कमी जाळणारी एक लोखंडी शेगडी तयार केली व १७४४ मध्ये तिची रचना समजावून सांगणारी पुस्तिका छापली. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरने ती विकण्याचा एकाधिकार त्याला काही वर्षांसाठी देऊ केला. फ्रँकलिनने तो नाकारला. इतरांनी लावलेल्या शोधांचा लाभ आपण फुकट घेतो, तर आपल्या शोधाचा लाभ इतरांना देताना हात आखडता घेऊ नये, अशी त्याची धारणा होती. पुढे लंडनमधील एका लोहाराने त्याच पुस्तिकेतली रचना उचलली, तीत थोडेफार बदल केले (त्याने शेगडी बिघडलीच, असे फ्रँकलिनचे मत!) आणि पेटंट घेऊन पैसा केला. फ्रँकलिनने भांडण केले नाही. विजेपासून घराचे रक्षण करणाऱ्या त्याच्या सळईचेही त्याने पेटंट घेतले नाही.

आता जेनकडे वळू. भाऊ पळून गेला आणि मोठा झाला. बहिणीला पळून जाण्याची सोय नव्हती. पंधराव्या वर्षी तिचे लग्न एडवर्ड मेकम नावाच्या, खोगिरे बनविणाऱ्या कारागिराशी झाले. नवरा कर्जबाजारी. बारा बाळंतपणे झाली आणि त्या बारांपैकी अकरा मुलांचे मृत्यू तिने पाहिले. घरात भाडेकरू ठेवून, साबण करून तिने संसार ओढला. १७६५ मध्ये नवरा वारल्यावर ती आणि तिच्या मुली बायकांच्या टोप्या शिवून विकू लागल्या. त्यासाठी लागणारे कापड आणि फिती भाऊ लंडनहून पाठविण्याची व्यवस्था करी. तिचे शुद्धलेखन कच्चे होते आणि त्याची तिला लाज वाटे. तरी तिने आयुष्यभर भावाला पत्रे लिहिली आणि हाती पडेल ते वाचले.

शिवणकाम, वाचन आणि पत्र या तिन्ही गोष्टी हातभर अंतरावरच्या. चाळिशी उलटली की नेमके हेच अंतर धूसर होते. डोळ्यातले नैसर्गिक भिंग ताठर होत जाते आणि जवळच्या वस्तूवर नजर स्थिरावत नाही. मराठीने या विकारालाच नव्हे, तर त्यावरच्या चष्म्यालाही ‘चाळिशी’ असे वयाचेच नाव देऊन टाकले आहे. ज्याचे पोट बारीक कामावर चालते त्याच्यासाठी चाळिशी ही केवळ वयाची खूण नसते, तिच्यामुळे मिळकतीला कात्री लागते. आसामच्या चहामळ्यांत ४० वर्षे व त्यावरील वयाच्या मजुरांवर केलेली एक चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना जवळचे पाहण्याचा साधा चष्मा मोफत दिला, त्यांची पाने खुडण्याची क्षमता चष्मा न दिलेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढलेली आढळली. जेनच्या हातातली सुई आणि चहाचे ते कोवळे पान यांत अडीच शतकांचे अंतर असले तरी अडचण एकच आहे.

भावाने भिंगांसोबत पाठविलेल्या सूचना आज वाचल्या तरी त्यांतला नेमकेपणा थक्क करतो. एका वेळी एकच जोडी बाहेर काढ. तिचे एक भिंग आधी एका डोळ्यासमोर, मग दुसऱ्या डोळ्यासमोर धरून बारीक छपाई वाचून पाहा. ती जोडी लागू पडली नाही तर ती परत ठेव आणि मगच दुसरी उघड, म्हणजे जोड्या एकमेकींत मिसळणार नाहीत. दोन्ही डोळे वेगवेगळे तपास, कारण फार थोड्या लोकांचे दोन डोळे सारखे असतात. बहुतेकजण वाचताना एकाच डोळ्यावर भिस्त ठेवतात, दुसरा अधू असतो किंवा दूरचे पाहण्यास अधिक योग्य असतो. हे सारे घरी सावकाश कर. दुकानात वेळ नसतो, काळजी नसते, म्हणून लोक डोळ्यांना ताण देणारी भिंगे घेऊन जातात आणि नजर बिघडवतात. मनाजोगता नंबर सापडला की त्यावरचे मोठे नंबर पुढील वयासाठी ठेवून दे आणि उरलेले मैत्रिणींना दे.

फ्रँकलिनने बहिणीला चष्मा पाठविला नाही, तर चष्मा निवडण्याचे साधनच तिच्या हाती ठेवले. ज्या काळी भिंगे इंग्लंडहून जहाजाने येत, त्या काळी एक चुकीची जोडी परत पाठवून दुसरी मागवायची तर महिने जात. तेरा जोड्यांनी ती फेरी वाचविली, पुढच्या वीस वर्षांची बेगमी केली आणि शेजारच्या चार म्हाताऱ्यांचीही सोय लावली. सामाईक ग्रंथालयाचाच हिशेब हा, फक्त पुस्तकांऐवजी भिंगांचा.

या पद्धतीला मर्यादा होत्या, त्याही सांगितल्या पाहिजेत. फ्रँकलिनच्या १ ते १३ या आकड्यांचा आजच्या ‘नंबरा’शी संबंध नाही. आपण वापरतो ते डायॉप्टर हे एकक फ्रेंच नेत्रतज्ज्ञ फर्डिनांड मोनोये याने १८७२ मध्ये सुचविले. बुबुळाचा आकार सर्व बाजूंनी सारखा नसल्याने येणारा दृष्टिदोष तर फ्रँकलिनच्या काळी ओळखलाही गेला नव्हता. टॉमस यंगने त्याचे वर्णन १८०१ मध्ये केले. त्यामुळे भिंगे डोळ्यासमोर धरून पाहण्याचा हा उपाय चाळिशीपुरता चालतो, सगळ्या दोषांवर नाही. आज बाजारात मिळणारा तयार वाचनाचा चष्मा हा याच उपायाचा वंशज आहे. दोन्ही डोळ्यांचा नंबर जवळपास सारखा असेल आणि अडचण फक्त जवळचे वाचण्याची असेल, तर तो स्वस्तात काम भागवितो. मात्र तो काचबिंदू ओळखत नाही. त्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावेच लागते, आणि तो खर्च वाचविण्याजोगा नाही.

फ्रँकलिन स्वतः चष्मा लावीत असे आणि ते लपवीत नसे. डेव्हिड मार्टिनने १७६७ मध्ये रंगविलेल्या चित्रात तो चष्मा लावून कागद वाचताना दिसतो. १७७६ च्या डिसेंबरात तो फ्रान्समध्ये उतरला, तेव्हा विगाऐवजी डोक्यावर केसाळ टोपी आणि नाकावर चष्मा असा त्याचा अवतार पाहून पॅरिस लुब्ध झाले. नव्या राष्ट्रासाठी पैसा आणि सैन्य मिळविण्याचे काम त्याच्यावर होते. १७७८ चा मैत्रीचा करार आणि १७८३ चा शांतता तह या दोन्हींवर त्याची सही आहे.

पण त्या मुत्सद्देगिरीत एक घरगुती अडचण होती. त्याच्याकडे दोन चष्मे असत, एक दूरचा आणि एक जवळचा. प्रवासात कधी वाचायचे, कधी बाहेरचे दृश्य पाहायचे, म्हणून सारखी काढघाल करावी लागे. जेवणाच्या टेबलावर तर पंचाईतच. जवळच्या चष्म्याने ताटातले दिसे पण समोरच्याचा चेहरा पुसट होई, दूरच्या चष्म्याने उलट. शेवटी त्याने दोन्ही चष्म्यांची भिंगे मधोमध कापवून घेतली आणि एकाच कड्यात वरचा अर्धा भाग दूरचा, खालचा अर्धा भाग जवळचा असा बसवून घेतला. आता मान न हलविता नुसती नजर वर-खाली केली की झाले. लंडनमधला जुना मित्र जॉर्ज व्हॉटली याला मे १७८५ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने या चष्म्याची आकृती काढून दाखविली आणि आणखी एक फायदा कळविला. परक्या भाषेत नुसत्या कानांनी भागत नाही. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे हावभाव दिसले की आपल्याला फ्रेंच अधिक चांगले समजते, असा त्याचा अनुभव होता.

त्याच्याआधीही कोणी अशी भिंगे जोडली असावीत का, यावर जाणकारांत वाद आहे. पण या कल्पनेचे श्रेय परंपरेने त्यालाच मिळत आले आहे. लंडनचा नामांकित भिंगकार पीटर डॉलंड याचे मत मात्र असे पडले की, हा चष्मा काही विशिष्ट डोळ्यांनाच उपयोगी पडेल. फ्रँकलिनचे म्हणणे, डॉलंडला रचना नीट कळलेली दिसत नाही. वाचायला योग्य भिंग दूरच्यासाठी अपुरे पडते, हे तर बहुतेक सगळ्यांच्याच बाबतीत खरे आहे. येथे एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. डॉलंडच्या वडिलांनी दुर्बिणीत रंगांची झालर न आणणाऱ्या जोडभिंगाचे पेटंट १७५८ मध्ये घेतले होते. वडिलांच्या मागे पीटरने ते बजावायला सुरुवात केली, तेव्हा लंडनच्या ३५ भिंगकारांनी १७६४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज केला. डॉलंड न्यायालयात जिंकला. फ्रँकलिनने आपल्या जोडचष्म्याचे पेटंट घेतले नाही. एक आकृती काढली आणि टपालात टाकली.

त्याला संत ठरविण्याचे कारण नाही. फ्रँकलिनच्या घरी गुलाम होते, त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. पत्नी डेबोरा १७७४ मध्ये फिलाडेल्फियात वारली तेव्हा तो लंडनमध्येच होता आणि गेली दहा वर्षे त्याने तिला पाहिले नव्हते. गुलामगिरीविरुद्ध तो उशिराने उभा राहिला. १७८७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील गुलामगिरीविरोधी संस्थेचा तो अध्यक्ष झाला आणि फेब्रुवारी १७९० मध्ये, मृत्यूच्या दोनच महिने आधी, ती प्रथा संपविण्याचा अर्ज त्याच्या सहीने काँग्रेसपुढे गेला.

१७८५ मध्ये तो मायदेशी परतला. त्याच वर्षी चार्ल्स विल्सन पील याने काढलेल्या चित्रात तो जोडचष्मा त्याच्या नाकावर आहे. १७ एप्रिल १७९० रोजी, ८४ व्या वर्षी तो गेला. मृत्युपत्रात त्याने बोस्टनच्या युनिटी स्ट्रीटवरचे घर आणि वर्षाला ५० पौंड जेनच्या नावे ठेवले.

त्याच घरात राहून १७८६ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, जेनने रिचर्ड प्राइस या विचारवंताचे लेखन वाचले होते आणि त्याविषयी भावाला लिहिले होते. अनुकूल परिस्थिती न लाभल्यामुळे न्यूटनच्या तोडीची हजारो माणसे जगाला कायमची मुकली असतील, हा त्यातला विचार तिच्या मनात घर करून राहिला होता. भावाच्या मागे ती चार वर्षे जगली.