माश्यांच्या खोलीतील थॉमस मॉर्गन

पिकलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणाऱ्या चिलटांची कोणी फारशी दखल घेत नाही. जेमतेम तीन मिलिमीटर लांबीच्या या फळमाशीला, अर्थात ड्रॉसोफिलाला, विज्ञानाच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून दिले ते थॉमस हंट मॉर्गन यांनी.

अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन येथे २५ सप्टेंबर १८६६ रोजी जन्मलेले मॉर्गन पिंडाने संशयवादी होते. मेंडेलचे नियम त्यांना पुरते पटत नव्हते आणि गुणसूत्रे हीच आनुवंशिकतेची वाहक आहेत, हा सिद्धान्त तर निव्वळ अटकळ वाटे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील एका लहानशा खोलीत, दुधाच्या बाटल्यांमध्ये केळ्याच्या गरावर ते माश्या वाढवीत. ईथरने गुंगी आणलेली एकेक माशी भिंगाखाली तपासायची. उदराचे टोक काळसर व गोलसर, पुढच्या पायांवर राठ केसांची इवलीशी फणी, तो नर. टोक निमुळते व पट्टेदार, ती मादी. मग डोळ्यांचा रंग, पंखांची ठेवण, अंगावरचे केस. असंख्य माश्या पाहूनही दीर्घकाळ मनाजोगते काही हाती लागले नाही.

१९१० मध्ये लाल डोळ्यांच्या माश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला. लाल डोळ्यांच्या माद्यांशी त्याचा संकर केल्यावर १,२३७ माश्या लाल डोळ्यांच्या निपजल्या, पांढऱ्या डोळ्यांच्या अवघ्या तीन. पुढच्या पिढीत पांढरे डोळे पुन्हा प्रकटले; परंतु अशा ७८२ माश्यांत मादी एकही नव्हती. डोळ्यांचा रंग लिंग ठरविणाऱ्या गुणसूत्राशी निगडित आहे, याखेरीज दुसरा अर्थ निघेना. मॉर्गन यांनी आपलेच मत मोडीत काढले. नामवंत प्राध्यापकाला हे वाटते तितके सोपे नसते.

शिष्यही त्यांना तोलामोलाचे लाभले. बाटल्या धुण्यासाठी ठेवलेल्या केल्व्हिन ब्रिजेस या विद्यार्थ्याने जाड काचेतून, नुसत्या नजरेने, नेहमीपेक्षा भडक डोळ्यांची माशी हेरली आणि माश्या तपासण्याच्या कामात त्याचा प्रवेश झाला. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९१३ मध्ये जनुकांचा पहिला नकाशा प्रसिद्ध केला. हर्मन मुलर यांना मात्र श्रेयाची वाटणी न्याय्य वाटली नाही. तो सल त्यांनी दीर्घकाळ बाळगला.

१९३३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या मॉर्गन यांना मिळाले. त्या डिसेंबरातील समारंभाला ते गेले नाहीत. पारितोषिकाच्या रकमेतील वाटा मात्र त्यांनी स्वतःच्या मुलांबरोबरच ब्रिजेस आणि स्टर्टेव्हंट यांच्या मुलांनाही दिला. ४ डिसेंबर १९४५ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे त्यांचे निधन झाले.