शब्दांची सोयरीक जुळविणारे डॉक्टर रोझे

सीमाभागातील आपल्या मुलांच्या दप्तरात मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांची पुस्तके असतात. मराठी घरातून येते, कन्नड बाजारात नि कचेरीत कानावर पडते; इंग्रजी मात्र बहुतेकांना शब्दार्थाच्या वहीतूनच भेटते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. अशी अख्खी वही पाठ असलेला विद्यार्थी चार वाक्ये लिहायला बसला की अडतो, हा आम्हा शिक्षकांचा नेहमीचा अनुभव. शब्द येतात, पण एका शब्दाचे दुसऱ्याशी नाते काय, ते उमगत नाही. हे नाते शोधण्यात ज्यांनी आयुष्याची अनेक वर्षे वेचली, त्या डॉ. पीटर मार्क रोझे यांची ओळख भाषा विशेषांकाच्या निमित्ताने करून द्यावी असे आम्हाला वाटले. स्पेलिंगवरून पुष्कळजण त्यांना रॉजेट म्हणतात. परंतु वडील जिनिव्हाचे, त्यामुळे उच्चार फ्रेंच वळणाचा.

रोझे यांचा जन्म १८ जानेवारी १७७९ रोजी लंडनमध्ये झाला. वडील धर्मोपदेशक होते. मुलगा चार वर्षांचा असतानाच १७८३ मध्ये ते क्षयाने गेले. आईच्या माहेरी मनाच्या आजाराची परंपरा होती आणि उतारवयात आईलाही त्याने गाठले. अशा घरात वाढलेल्या या मुलाला लहानपणापासून याद्या करण्याचा नाद होता. अभ्यासात तो हुशार निघाला आणि १७९८ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, एडिंबरो येथे वैद्यकाचा पदवीधर झाला.

१८०२ मध्ये मँचेस्टरच्या एका गिरणीमालकाच्या दोन मुलांना घेऊन शिक्षक या नात्याने ते युरोपच्या प्रवासाला गेले. १८०३ मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटले तेव्हा ही मंडळी फ्रेंचांच्या ताब्यातील जिनिव्हात होती. इंग्रजांची धरपकड सुरू झाली. वडिलांच्या जिनिव्हाच्या नागरिकत्वाचा आधार घेऊन रोझे यांनी आपली सुटका करून घेतली आणि दोन्ही मुलांना सुखरूप मायदेशी पोचविले.

पुढे मँचेस्टरच्या रुग्णालयात नोकरी करीत असताना १८०५ मध्ये त्यांनी स्वतःच्या उपयोगासाठी शब्दांची एक वर्गवार वही तयार केली. लिहिताना नेमका शब्द सुचत नाही, ही आपली उणीव भरून निघावी एवढाच हेतू होता. ती वही जवळजवळ पन्नास वर्षे त्यांच्याजवळ राहिली.

१८०८ मध्ये ते लंडनला आले. घातांकांची गणिते करणारी नव्या धर्तीची सरकपट्टी त्यांनी तयार केली. १८१५ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले आणि १८२७ ते १८४८ अशी एकवीस वर्षे त्यांनी त्या संस्थेचे चिटणीसपद सांभाळले. संसारात मात्र दुःखाने पाठ सोडली नाही. वडिलांच्या जागी असलेले मामा, प्रसिद्ध कायदेपंडित सर सॅम्युएल रोमिली, यांनी १८१८ मध्ये पत्नीवियोगाच्या दुःखात आत्महत्या केली. त्यांच्यावर रोझे यांचेच उपचार चालू होते. १८३३ मध्ये पत्नीही दोन मुले मागे ठेवून वारली.

चिटणीसपदातून मोकळे झाल्यावर त्यांनी ती जुनी वही पुन्हा हाती घेतली आणि १८५२ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, तिचा कोश प्रसिद्ध केला. हाच तो थिसॉरस. नेहमीच्या कोशात शब्द माहीत असतो आणि आपण अर्थ शोधतो. येथे अर्थ मनात असतो आणि आपण शब्द शोधतो. म्हणून मांडणी मुळाक्षरांनी केलेली नाही. सहा वर्ग आणि एक हजार मथळे अशी ती आहे. मुळाक्षरांची सूची शेवटी जोडलेली.

या सहा वर्गांत पहिला मान अमूर्त संबंधांचा आहे. अवकाश, पदार्थ, बुद्धी, इच्छा आणि भावना हे वर्ग त्यानंतर येतात. पहिल्या वर्गात अस्तित्वाच्या पाठोपाठ 'रिलेशन' म्हणजे संबंध हा मथळा येतो, आणि त्याच्या शेजारीच संबंध नसणे. रक्ताच्या नात्याला पुन्हा वेगळा मथळा आहे. आपल्या बोलण्यात विजेचे कनेक्शन, अर्जातला रेफरन्स आणि लग्नातली रिलेशनची माणसे असे हे शब्द सुटेसुटे शिरले आहेत. कोशात ते एकाच कुळातले दिसतात. रेफरन्स म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीकडे बोट दाखविणे, अ‍ॅनॉलॉजी म्हणजे दोहोंतले साधर्म्य, अ‍ॅफिनिटी म्हणजे मुळातली जवळीक, अलायन्स म्हणजे जाणून केलेली युती. शेजारीशेजारी ठेवले म्हणजेच त्यांतला फरक कळतो. नामाबरोबर त्याच अर्थाची क्रियापदे, विशेषणे आणि 'विथ रेफरन्स टु' यांसारखे वाक्प्रयोगही तेथेच सापडतात. आपण 'विषयी' हे शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे जोडतो. इंग्रजी तेच काम नामाच्या पुढे दोन-तीन शब्द ठेवून करते.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, कल्पनांच्या क्रमाने शब्द मांडण्याच्या पूर्वीच्या प्रयत्नांची नोंद रोझे यांनी प्रस्तावनेत केली आहे, आणि त्यांतला सर्वांत जुना म्हणून त्यांनी आपल्या अमरकोशाचे नाव घेतले आहे. कोलब्रुक यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८०८ मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेले होते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी तो कोश पाठ केला. अमरसिंह स्वर्गापासून आरंभ करतो, रोझे अस्तित्व आणि संबंध यांपासून. पण शब्द गोतावळ्यात राहतो, ही जाण दोघांचीही.

रोझे १२ सप्टेंबर १८६९ रोजी वेस्ट माल्व्हर्न येथे नव्वदाव्या वर्षी वारले. अखेरपर्यंत ते कोशात भर घालीत होते. पुढे मुलाने आणि नंतर नातवाने ते काम चालविले.

इंग्रजी वाढली की मराठी मागे पडेल, अशी धास्ती आपल्या भागात अनेक पालकांना वाटते. आमचे मत वेगळे आहे. संबंध, संदर्भ, साम्य आणि जवळीक यांतला भेद ज्या मुलाला मराठीत कळला, त्याला इंग्रजीतील चार शब्दांचा भेद समजावून देणे सोपे जाते. ज्याला तो मायबोलीत कळला नाही, त्याच्या वहीत चारही शब्दांपुढे 'संबंध' एवढेच लिहिलेले राहते. तेव्हा शिक्षकबंधू-भगिनींनी आठवड्यातून एक तास तरी शब्दांची कुळे फळ्यावर मांडावीत, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. याला वेगळा खर्च नाही. खडू आणि फळा पुरे.