नोआ वेबस्टर आणि इंग्रजी शब्दांचें लेखन

इंग्रजी शिकूं लागलेल्या प्रत्येक मुलाच्या मनांत एक शंका येऊन जातेच. बी-यू-टी म्हणजे बट, तर पी-यू-टी म्हणजे पुट कसें? आमच्या बाळबोध लिपींत स्वराचें चिन्ह ओळखलें कीं उच्चार हातीं येतो. इंग्रजींत मात्र पांच स्वराक्षरांनीं वीसांच्या आसपास स्वरध्वनींचा भार वाहावयाचा. मास्तर म्हणतात पाठ करा, आणि आम्ही पाठ करितों. ज्या एका शाळामास्तराचें समाधान एवढ्यानें झालें नाहीं, त्याचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

नोआ वेबस्टर ह्याचा जन्म १६ ऑक्टोबर १७५८ रोजीं अमेरिकेंतील कनेक्टिकट प्रांतांत, वेस्ट हार्टफर्ड येथें एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. मुलास येल कॉलेजांत घालण्यासाठीं बापानें शेत गहाण टाकिलें. १७७८ सालीं नोआ पदवीधर झाला, तेव्हां देश इंग्लंडशीं युद्धांत गुंतलेला होता. बापानें आठ डॉलरांचें कागदी चलन त्याच्या हातावर ठेविलें व यापुढें आपलें पोट आपण भरावें असें सांगितलें. त्या कागदाची किंमतहि पुरती आठ डॉलर उरली नव्हती. नोआनें कायद्याची परीक्षा दिली. पण वकिली चालेना, म्हणून शाळामास्तरकी पत्करिली.

तेथेंच त्यास स्वरांचा घोळ दिसला. त्या वेळीं अमेरिकेंतील शाळांतून थॉमस डिलवर्थ ह्या इंग्रज मास्तराचें पुस्तक चालत असे. त्यांत हॅबिट हा शब्द एच-ए, बी-आय-टी असा तोडलेला होता. आतां इंग्रजींत अवयव स्वराक्षरावर संपला कीं तो स्वर बहुधा दीर्घ होतो. म्हणजे मूल साहजिकच हे-बिट असें वाचणार. वेबस्टरनें तोच शब्द एच-ए-बी, आय-टी असा तोडिला, आणि स्वर आपोआप ऱ्हस्व झाला. शब्दाच्या शेवटीं येणारें टी-आय-ओ-एन डिलवर्थ दोन अवयवांत वाचावयास लावी. वेबस्टरनें त्याचा शन हा एकच अवयव केला. शिवाय स्वरांवर अंक घातले, दीर्घास १, ऱ्हस्वास २, ह्याप्रमाणें. हें पुस्तक १७८३ सालीं हार्टफर्ड येथें निघालें. पुढें त्याच्या निळ्या वेष्टणावरून लोक त्यास निळ्या पाठीचें पुस्तक म्हणूं लागले, आणि एकोणिसावें शतक संपेपर्यंत त्याच्या कित्येक कोटि प्रती खपल्या. ग्रंथकाराचा हक्क राखणारा कायदा सर्व देशास लागू नव्हता, म्हणून वेबस्टर एकेका राज्याच्या कायदेमंडळाचे उंबरे झिजवीत हिंडला. तसा कायदा १७९० सालीं झाला.

हा घोळ मुळांत कोठून आला, हेंहि सांगितलें पाहिजे. नेम ह्या शब्दाचा स्वर पांचशें-सहाशें वर्षांपूर्वीं आमच्या नाम शब्दांतील आ-सारखा होता, आणि शेवटचें ई अक्षरहि किंचित् उच्चारीत असत. टाइम शब्दांत तेव्हां दीर्घ ई होती. १४०० ते १७०० ह्या सुमारास इंग्रजांचे दीर्घ स्वर जागा सोडून हळूहळू सरकले. पण १४७६ सालीं कॅक्स्टननें इंग्लंडांत छापखाना आणिला होता, आणि छापलेलीं अक्षरें कालांतरानें जागच्या जागीं गोठलीं. जीभ पुढें गेली, लेखणी मागें राहिली.

आश्चर्य असें कीं, १७८३ सालच्या पुस्तकांत वेबस्टर जुन्या लेखनाचाच कैवारी होता. ऑनर, फेव्हर ह्या शब्दांतील यू गाळणारांची त्यानें थट्टा केली होती! पुढें फिलाडेल्फियास त्याची बेंजामिन फ्रँकलिनशीं गांठ पडली. त्या वृद्धानें १७६८ सालींच सहा जुनीं अक्षरें काढून व सहा नवीं घालून एक वर्णमाला रचिली होती. नवीं अक्षरें वेबस्टरास रुचलीं नाहींत, पण सुधारणेची कल्पना मनांत ठसली. १७८९ सालीं त्यानें हेड व ब्रेड ह्यांतील ए काढावा, गिव्हमधील अंत्य ई काढावी, मशीन शब्द डबल ई घालून लिहावा, असें सुचविलें. नवें राष्ट्र झालें, त्याची लेखनपद्धति नवी कां नसावी, हा त्याचा प्रश्न होता. १७९० सालीं कांहीं निबंध त्यानें ह्या रीतीनें छापून काढिले, लोक हंसले.

आमच्या मतें त्याचा खरा प्रतिस्पर्धी त्याचेंच निळें पुस्तक होतें. त्यावरून मुलें जुनीं स्पेलिंगें घोकीत, त्यांच्या चढाओढी लावीत. एकदां डोळ्यांत बसलेला शब्द मग कोण बदलूं देतो?

वेबस्टर बेताबेतानें मागें सरला. १८०६ सालीं त्यानें लहान कोश काढिला, आणि १८२८ सालीं, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, सत्तर हजार शब्दांचा मोठा कोश दोन खंडांत प्रसिद्ध केला. शेवटची पानें त्यानें इंग्लंडांत केंब्रिज येथें लिहिलीं. कलरमधील यू गेला, सेंटर ई-आर झाला, म्युझिकच्या अंतींचें के गेलें. जिभेस टी-यू-एन-जी लिहावें, हा त्याचा आग्रह मात्र कोणीं ऐकिला नाहीं.

ह्या कोशांतील व्युत्पत्तीविषयीं मात्र वाईट वाटतें. सर विल्यम जोन्सनें १७८६ सालीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांचें मूळ एक असावें असें दाखविलें होतें. पण वेबस्टर वीसांहून अधिक भाषा चाळूनहि सर्वांचें मूळ खाल्डी भाषेंत शोधीत राहिला. नेम आणि नाम खरोखरच एका कुळांतले. तो धागा त्याच्या हातून निसटला. १८६४ च्या आवृत्तींत त्याच्या बहुतेक व्युत्पत्ति बदलाव्या लागल्या.

कोशाची किंमत वीस डॉलर होती. अडीच हजार प्रती सावकाश खपल्या. दुसऱ्या आवृत्तीच्या खर्चासाठीं ऐशीं वर्षें उलटलेल्या त्या म्हाताऱ्यानें आपलें राहतें घर गहाण टाकिलें. ती १८४१ सालीं पुरी झाली. २८ मे १८४३ रोजीं न्यू हेवन येथें तो वारला, आणि कोशाचे हक्क मेरियम बंधूंनीं विकत घेतले. त्यानें गाळलेला कलरमधील यू इंग्लंडानें ठेविला, तो आम्हीहि अद्याप लिहितों. पण तुरुंगाचा जुना जी-ए-ओ-एल सोडून त्यानें पसंत केलेलें जे-ए-आय-एल आतां लंडनमध्येंहि चालतें.