वैद्यकाला भौतिकशास्त्राचे देणे : हेल्महोल्ट्झ

एमआरआय तपासणीत रेडिओ-कॉइलचे चुंबकी क्षेत्र सर्वत्र सारखे नसेल, तर प्रतिमेत अकारण फिकट-गडद छटा उमटतात. समान क्षेत्र निर्माण करण्याची एक मूलभूत रचना जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी पॉट्सडॅम येथे झाला. ओढा भौतिकशास्त्राकडे होता. परंतु शिक्षक असलेल्या वडिलांना तो खर्च पेलवणारा नव्हता. म्हणून बर्लिनमध्ये सरकारी खर्चाने वैद्यकीय शिक्षण घेऊन त्यांनी लष्करी डॉक्टरकी पत्करली. १८४७ मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेवरील त्यांचा प्रबंध प्रतिष्ठित नियतकालिकाने नाकारला, तेव्हा तो त्यांनी पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केला. डोळ्याचा अंतर्भाग दाखविणारे ऑफ्थॅल्मोस्कोप त्यांनी १८५१ मध्ये जगापुढे मांडले. १८७१ मध्ये ते बर्लिन विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

दोन सारखी वर्तुळाकार वेटोळी त्रिज्येइतक्या अंतरावर समोरासमोर ठेवून त्यांतून एकाच दिशेने वीजप्रवाह सोडला, की मधले क्षेत्र जवळजवळ एकसारखे होते. एका वेटोळ्यापासून दूर जाताना होणारी घट दुसरे भरून काढते. ८ सप्टेंबर १८९४ रोजी हेल्महोल्ट्झ यांचे निधन झाले. १९७० च्या दशकात एमआरआय विकसित झाले आणि हे तत्त्व रेडिओ-कॉइलच्या रचनेतही उपयोगी पडले. पैशाअभावी वैद्यकाकडे वळावे लागलेल्या या शास्त्रज्ञाचे भौतिकशास्त्र अखेर रुग्णांच्याच कामी आले.