शिरढोणचा वज्रदेही

मुंबई-गोवा महामार्गाने पनवेल सोडले, पळस्पे मागे टाकले की थोड्याच अंतरावर शिरढोण गाव लागते. समोर कर्नाळ्याचा सुळका आभाळात अंगठा रोवून उभा असतो. आज पनवेल, खारघर परिसरातील कितीतरी नोकरदार मंडळी पहाटे धावतात, सायकली दामटतात आणि सुट्टीच्या दिवशी हा डोंगर चढतात. कचेरी सांभाळून शरीर घडवण्याचा हा खटाटोप नवा वाटतो. पण याच मातीत जन्मलेल्या एका कारकुनाने तो दीडशे वर्षांपूर्वी केला होता. त्या कारकुनाचे नाव वासुदेव बळवंत फडके.

४ नोव्हेंबर १८४५ रोजी शिरढोण येथे वासुदेवाचा जन्म झाला. आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि त्याच वर्षी कर्नाळाही इंग्रजांच्या हाती गेला. किल्ला गेला, तरी त्याच्या आठवणी फडक्यांच्या वाड्यात नांदत होत्या. वासुदेवाला पुस्तकांपेक्षा कुस्ती आणि घोडेस्वारी यांचे वेड अधिक. शिक्षण कल्याण, मुंबई, पुणे असे फिरत झाले आणि अर्ध्यावरच राहिले. मुंबईत रेल्वेत व इतरत्र काही नोकऱ्या करून अखेर तो पुण्यात लष्कराच्या हिशेबी खात्यात रुजू झाला. पुढची सुमारे पंधरा वर्षे त्याच खात्यात सरली.

कारकून आणि तालीम

दिवसभर हिशेबाच्या वह्या आणि उरलेल्या वेळात तालीम, असा त्याचा क्रम होता. पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. जोर, बैठका, कुस्ती, दांडपट्टा, तलवार, निशाणबाजी असे सारे तिथे शिकवले जाई. मातंग समाजातील या वस्तादांच्या आखाड्यात जोतीराव फुले यांच्यासारखी मंडळीही येऊन गेली होती. जातीपातीच्या भिंती उंच असलेल्या त्या काळात एक चित्पावन कारकून लहुजींचा शिष्य झाला, ही साधी गोष्ट नव्हती. पुढे रामोशी, कोळी, धनगर अशा समाजांतील माणसे त्याच्याभोवती जमली, त्याची पायवाट याच तालमीतून गेली असावी.

तालमीचे शास्त्र साधे, पण कठोर. जोरांची संख्या एका दिवसात वाढत नाही. आज जेवढे झाले, त्यात उद्या थोडी भर घालायची, खाडा होऊ द्यायचा नाही आणि दम हळूहळू कमवायचा. आजचे प्रशिक्षक मॅरेथॉन वा ट्रायथलॉनच्या हौशी खेळाडूला हेच निराळ्या शब्दांत सांगतात. फडक्यांच्या अंगी आलेली ताकद ही अशी वर्षानुवर्षे साठवलेली होती. सुट्टीच्या दिवशी पुण्याभोवतीच्या रानात तरुणांना जमवून शस्त्रांचा सरावही चाले. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर घरी आलेल्या गोपिकाबाईंना त्यांनी लिहिण्या-वाचण्याबरोबर तलवार आणि बंदूकही शिकवली.

ताकद कशासाठी?

कमावलेल्या शरीराला हेतू मिळाला तो एका घरगुती दुःखातून. १८७० च्या सुमारास आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. रजा वेळेवर मंजूर झाली नाही आणि ते शिरढोणला पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. वर्षश्राद्धासाठीही रजा नाकारली गेली. न्यायमूर्ती रानडे यांची व्याख्याने ऐकून देशाची संपत्ती कशी ओसरते आहे, हे त्यांना उमगले. त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह पुण्यात पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन काढली. आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी ती हीच. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. गावेच्या गावे ओस पडताना पाहिली आणि फडक्यांनी बंडाचा निश्चय केला.

फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातील धामारीवर पहिला छापा पडला. हाती लागलेली रक्कम तुटपुंजी होती; पण सरकार हादरले. त्यानंतरचे महिने म्हणजे सह्याद्रीच्या कडेकपारींतून चाललेली अखंड दौड होती. रात्री चालायचे, दिवसा लपायचे, मिळेल ते खायचे. मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक कोकणात उतरले आणि पनवेलजवळच्या पळस्पे व चिखली येथे मोठी लूट केली. परतीच्या वाटेवर मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले आणि नाईक मारले गेले. फडक्यांचा उजवा हात तुटला. साथीदारांपैकी अनेकांना स्वराज्यापेक्षा लुटीतच गोडी आहे, हे शल्यही मनात होते. खचलेल्या मनाने ते दक्षिणेत श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले. तिथे त्यांनी आपले आत्मवृत्त लिहिले. थोडे सावरताच रोहिल्यांची फौज उभारण्याच्या खटपटीस लागले.

देहाची सीमा

इथे या कथेतला सर्वांत बोलका धडा आहे. महिनोन्‌महिन्यांची पायपीट, अपुरे अन्न, जागरणे आणि त्यात अंगात भरलेला ताप. विसाव्याला सवडच नव्हती. जुलै १८७९ मध्ये तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यातील देवर नावदगी या गावी, तापाने ग्रासलेले फडके निद्रिस्त असताना डॅनियल आणि निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी त्यांना पकडले. समोरासमोरच्या झुंजीत सहजी हाती न लागणारा हा गडी थकव्यापुढे हरला. तापात धावू नये, विश्रांती हाही व्यायामाचाच भाग आहे, हे आजच्या धावपटूला कळते. त्याला एखादी शर्यत सोडून देता येते. फडक्यांची शर्यत सोडण्याजोगी नव्हती, आणि त्याची किंमत त्यांनी जाणून मोजली.

पुण्यात खटला चालला. सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी त्यांच्या बचावासाठी उभे राहिले. जन्मठेपेची शिक्षा झाली आणि १८८० च्या आरंभी त्यांची रवानगी एडनच्या तुरुंगात झाली. तेथेही तालमीतले बळ एकदा उफाळून आले. कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते निसटले. परंतु ओळखीचे डोंगर नव्हते, आसरा देणारे गाव नव्हते, पाणीही दुर्मिळ. काही मैल धावल्यावर ते पुन्हा पकडले गेले. सह्याद्रीत जे पाय सरकारला महिनोन्‌महिने चकवत राहिले, त्यांना वाळवंटात वाट सापडली नाही. माणसाचा दम एकट्याच्या छातीत नसतो. भोवतीच्या माणसांत आणि मातीतही असतो, हे या पलायनाने दाखवले.

त्यानंतर कैद अधिकच कडक झाली. देह खंगत गेला, अखेरीस त्यांनी अन्नत्याग केला आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली. योग असा की, त्यांचे वस्ताद लहुजी दोन वर्षांपूर्वी याच तारखेला निवर्तले होते.

शिरढोणला आज त्यांचे स्मारक आहे. पनवेलच्या नाट्यगृहाला आणि मुंबईत मेट्रो सिनेमाजवळच्या चौकाला त्यांचे नाव आहे. १९८४ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. कर्नाळ्याची चढण चढताना छाती भरून आली, तर क्षणभर थांबून पायथ्याच्या त्या गावाकडे पाहावे. शरीर कमावणे ही तपश्चर्या खरीच. ते कशासाठी झिजवायचे, हे ठरवणे त्याहून मोठी. शिरढोणच्या कारकुनाने दोन्ही केल्या.