दार उघडंच राहिलं

मुलांवर श्रद्धेचे संस्कार करायचे म्हणजे नेमकं काय करायचं? पाठांतर करून घ्यायचं, रोज संध्याकाळी हात जोडायला लावायचं, की आपण आपलं जगत राहायचं आणि मुलांना बघू द्यायचं? हा प्रश्न प्रत्येक घरात असतो, मग ते घर कुठल्याही धर्माचं असो. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी पंडिता रमाबाईंपुढे तो असा उभा राहिला, की त्यापायी त्यांची संस्था मोडायची वेळ आली.

रमाबाईंची विद्वत्ता, विधवांसाठी त्यांनी केलेलं काम आपल्याला ठाऊक असतं. मनोरमेची आई म्हणून त्या कशा होत्या, हे मात्र फारसं बोललं जात नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या माउलीनं, लक्ष्मीबाईंनी, भल्या पहाटे उठवून रमेला शिकवलं. दिवसभर कामाचा रगाडा, तीर्थयात्रांची पायपीट, त्यामुळे पहाटेचीच वेळ काय ती मायलेकींची. धर्म आईच्या मांडीवरच शिकायचा असतो, हे रमाबाई लहानपणीच शिकल्या होत्या. पुढे दुष्काळात आई-वडील, बहीण गेली. मग भाऊही गेला. बंगालमधल्या बिपिनबिहारी मेधावींशी १८८० मध्ये लग्न झालं. १६ एप्रिल १८८१ला मुलगी झाली, मनोरमा. आईची लाडकी ‘मनो’. ती वर्षाचीही झाली नव्हती, तेव्हा बिपिनबाबू कॉलऱ्यानं गेले.

मुलीला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथं वाँटेजच्या मठात त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मनो तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची! पुण्यात गदारोळ झाला. पण रमाबाईंची खरी परीक्षा वाँटेजमध्येच झाली, आणि तीही आपल्या माणसांकडून.

मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना मायलेकी प्रेमानं ‘आजीबाई’ म्हणत. या आजीबाईंची अपेक्षा अशी, की मनोला चर्चची सगळी शिकवण जशीच्या तशी द्यावी. रमाबाईंचा मात्र त्यातल्या काही सिद्धांतांवर, विशेषतः त्रैक्याच्या कल्पनेवर, विश्वास बसला नव्हता. जे मला पटलेलं नाही ते मी लेकीला कसं शिकवू, असा त्यांचा सरळ सवाल होता. देवावर प्रेम करायला तिला शिकवायचं, बाकीचं तिनं मोठी झाल्यावर आपल्या बुद्धीनं ठरवायचं, असं त्यांचं म्हणणं. दोघींमध्ये लांबलचक पत्रं झाली, कडू शब्दही झाले. नातं मात्र तुटलं नाही. अमेरिकेचा दौरा लांबला तेव्हा, १८८६ मध्ये, पाच वर्षांच्या मनोला रमाबाईंनी याच आजीबाईंकडे पाठवलं. वाद होता तो शिकवणीवर. माणसावर विश्वास होता.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. मदत अमेरिकेतून येत होती, पण अट स्पष्ट होती : इथं कुणालाही ख्रिस्ती धर्म शिकवायचा नाही. रानडे, भांडारकरांसारखी मोठी माणसं सल्लागार होती. मुलींना आपापली पूजाअर्चा, व्रतवैकल्यं करायला पूर्ण मोकळीक होती.

आणि रमाबाईंना? त्या आपल्या खोलीत मनोला जवळ घेऊन बायबल वाचत, प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. झालं! बातमी बाहेर गेली. विश्वासानं पाठवलेल्या विधवा मुलींना आडवाटेनं बाटवलं जातंय, असं ‘केसरी’नं लिहिलं.

आईबापांची भीती खोटी होती, असं म्हणता येणार नाही. ज्या बाईला आपण देवासारखं मानतो, तिच्या प्रार्थनेचा परिणाम होणारच ना! आणि पुढे काही मुलींनी खरोखरच तो धर्म स्वीकारला. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक मुलींना घरच्यांनी काढून नेलं.

दार लावून घेतलं असतं तर कदाचित एवढं झालं नसतं. पण बाकीच्या मुलींना आपला देव उघडपणे पुजायची मुभा, आणि मी माझ्याच लेकीबरोबर चोरून प्रार्थना करायची, हे रमाबाईंना मान्य नव्हतं. शिवाय बारा वर्षांची मनो शेजारी होती. आई दार लावून घेते, याचा अर्थ त्या वयातल्या मुलीला वेगळा सांगावा लागत नाही.

पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. १८९६चा आणि त्यानंतर १९००चा दुष्काळ पडला, तेव्हा शेकडो मुली तिथं आल्या. इथं मात्र सदनासारखी अट नव्हती. ही उघडउघड ख्रिस्ती संस्था होती. अमेरिकेत शिकून आलेली मनोरमा आईच्या बरोबरीनं कामाला लागली. अंध मुलींना ब्रेलमधून शिकवण्याचं काम तिनं हाती घेतलं. ऑस्ट्रेलियात जाऊन मुक्तीचं काम आणि आपली श्रद्धा याबद्दल ती लोकांशी बोलली. मुंबई विद्यापीठाची बी.ए. झाली. १९१२च्या सुमारास गुलबर्ग्याला शाळा सुरू झाली, तिची जबाबदारीही तिच्याकडेच. जिला मोठेपणी आपलं आपण ठरवू द्यायचं होतं, तिनं आईचाच रस्ता धरला होता.

आपल्यामागं मुक्ती मनो सांभाळेल, असं रमाबाईंनी मनात धरलं होतं. पण २४ जुलै १९२१ला मनोरमाच गेली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. आईनं काम थांबवलं नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्याचं काम अनेक वर्षं चाललं होतं, ते त्या पुरं करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. मुक्तीच्या छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी छापलेलं ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

रमाबाईंची सगळीच मतं आपल्याला पटतील असं नाही. त्यांच्या काळातही ती अनेकांना पटली नाहीत. पण आई म्हणून त्यांनी दोन गोष्टी सांभाळल्या. स्वतःला न पटलेलं मुलीला शिकवलं नाही आणि पटलेलं तिच्यापासून लपवलं नाही. आपल्या घरात देव्हारा असो, अल्तार असो वा काहीच नसो, मुलं या दोन्ही गोष्टी बरोबर टिपत असतात.